एका दिवसापुरता उसना

मित्रांनो, नांदगाव तालुक्यातल्या एका सरकारी हायस्कूलच्या कपाटात माझं घर आहे. मी एक जुना सूक्ष्मदर्शक. तुम्ही मला मायक्रोस्कोप म्हणत असाल, तेही चालेल. दूर अंबाल्याच्या एका कारखान्यात मी जन्मलो. पितळेची नळी, त्यात भिंगं आणि खाली उजेड पकडायला एक गोल आरसा, एवढाच माझा देह. पण माझ्याखाली कांद्याची पातळ साल ठेवली की विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात. आणि आमच्याकडे कांद्याला काय तोटा!

बरीच वर्षं मी कपाटात धूळ खात पडलो होतो. मनाली मॅडम विज्ञान शिकवायला आल्या आणि माझे दिवस पालटले. त्या मला खिडकीपाशी ठेवत आणि मुलांना एकेक करून बोलावत. एकदा एका मुलाने स्वतःच्या डोक्यातली ऊ आणली. मॅडम रागावल्या नाहीत. "आण इकडे," म्हणाल्या. त्या दिवशी सगळा वर्ग सुट्टीपर्यंत डोकं खाजवत होता. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस.

मग गेल्या हिवाळ्यात बातमी आली की तालुक्यातल्या सगळ्या सरकारी हायस्कूलांची तुलना होणार. एक साहेब शाळाशाळांत जाऊन वर्ग, वाचनालय, प्रयोगशाळा पाहणार आणि गुण देणार. पहिल्या येणाऱ्या शाळेला नवी प्रयोगशाळा मिळणार होती.

डोंगराच्या कडेला दुसरं एक हायस्कूल आहे. वादळात तिथल्या प्रयोगशाळेचे पत्रे उडाले आणि सगळं सामान भिजून गेलं. पत्रे नवे आले, सामान काही आलं नाही. तिथले महेश सर एका संध्याकाळी मोटारसायकलवरून मनाली मॅडमकडे आले.

"मॅडम, उद्या साहेब आमच्याकडे येतायत. एक दिवसापुरता तुमचा मायक्रोस्कोप द्या. आमची प्रयोगशाळा म्हणजे नुसती रिकामी खोली आहे."

"आणि साहेब इथे आले तर?"

"तुमच्याकडे परवा येणार आहेत. उद्या संध्याकाळी आणून देतो."

मॅडमनी कपाट उघडलं. "पण तुमच्या मुलांना दाखवाल ना?"

"दाखवतो की."

मॅडमनी स्वतःच्या स्कार्फमध्ये मला गुंडाळून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत मला टेबलावर ठेवून झेंडूचा हार घातला. हेडमास्तर निवृत्ती सरांनी बजावलं, "कुणी हात लावायचा नाही. फुटला तर त्या शाळेला काय तोंड दाखवायचं?" आठवीतली मैना माझ्याजवळ आली. "सर, मी एकदा बघू?" महेश सर म्हणाले, "साहेब गेल्यावर." तिचा आवाज खणखणीत होता, म्हणून साहेबांना काय सांगायचं ते सरांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं.

साहेब आले. मला पाहून खूश झाले. "वा! बाळ, यातून तू काय पाहिलंस?"

"कांद्याच्या सालीतल्या पेशी, साहेब," मैनाने पाठ केलेलं सांगितलं.

"अरे वा. दाखव बरं मला."

मैना पुढे आली. तिने हेडमास्तरांकडे पाहिलं, मग महेश सरांकडे. मग ती वाकली आणि तिने डोळा लावला तो वरच्या भिंगाऐवजी खालच्या आरशाला. माझ्या आरशात तिचाच डोळा उमटला.

"यात तर मीच दिसतीय," ती हळूच म्हणाली.

सगळी मुलं हसली. साहेबही हसले. "लाजते पोरगी," म्हणाले, कागदावर खूण केली आणि पुढच्या खोलीकडे निघून गेले. मैनाचा डोळा पाण्याने भरलेला फक्त मला दिसत होता. मित्रांनो, मी निर्जीव वस्तू. पण गळ्यातल्या त्या हारासकट जमिनीत गडप व्हावं असं मला वाटलं.

साहेब गेले. मैना केव्हाच खोलीबाहेर पळाली होती. महेश सरांनी कुणालाच बोलावलं नाही. मान खाली घालून त्यांनी मला परत गुंडाळलं.

आमच्या शाळेच्या पायरीवर मनाली मॅडम बसल्या होत्या.

"साहेब दुपारीच येऊन गेले," त्या म्हणाल्या. "वाटेत शाळा लागली म्हणून आजच आले. कपाट रिकामं बघितलं."

महेश सर हादरले. "उसना दिलाय म्हणून सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगितलं असतं, तर तुमच्या मुलांचं काय झालं असतं?" मग मॅडमनी मला हातात घेतलं आणि सहज विचारलं, "काय काय पाहिलं मुलांनी?"

सर म्हणाले, "एकानेही नाही, मॅडम." आणि त्यांनी मैनाची हकिकत सांगितली. मॅडम मला घेऊन आत निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी महेश सर साहेबांकडे गेले आणि खरं ते सांगून आले. त्यांच्या शाळेचे गुण कापले गेले. आमचे मात्र वाढले नाहीत, कारण पाहणी झाली ती झाली. पहिला नंबर तिसऱ्याच शाळेला मिळाला. निवृत्ती सरांनी महेश सरांशी बोलणं सोडलं.

तेव्हापासून दर शनिवारी महेश सर मला डोंगराकडच्या शाळेत नेतात. पहिल्या शनिवारी मुलांची झुंबड उडाली. मैना दाराआड उभी राहिली.

"मला नाय बघायचं."

सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "मैना, त्या दिवशी चूक तुझी नव्हती. माझी होती."

"मग समदे हसले तव्हा तुम्ही का नाय बोलले, सर?"

सर बाजूला झाले आणि त्यांनी माझ्यापुढची जागा तिच्यासाठी मोकळी केली. ती आली, वरच्या भिंगाला तिने डोळा लावला, पण सरांकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊबंद कपाटात बंद असेल. पाहुणे येणार म्हणून त्याला पुसू नका. आजच बाहेर काढा, उजेडात ठेवा, वापरताना एखादी काच फुटली तर फुटू द्या. आणि ज्याला विचारायची लाज वाटते, त्याला सगळ्यात आधी बोलवा.