चौथा बोल्ट

"अरे, जोर लाव ना, एलादियो! नव्या नवरीचा हात धरल्यासारखा काय धरलायस तो पाना?" शेजारच्या ओट्यावरून निकानोर ओरडला.

जोर लावायला एलादियोचेही हात शिवशिवत होते. पण बोल्टची मुंडी तुटली असती तर होडीच्या मोटरचा खालचा भाग निघाला नसता आणि आतला चिरफाळलेला रबरी पंखा बदलता आला नसता. मग थंड राहायला लागणारं पाणी न मिळून मोटर खाडीच्या तोंडाशीच तापून बंद पडली असती.

आत त्याची मुलगी नुबिया कण्हत होती. मूल आडवं होतं. म्हातारी सुईण तोमासा, जिच्या हातांवर अर्धं गाव जन्मलं, तिनेही पहाटे हात टेकले होते. "माझ्याच्याने नाही व्हायचं. शहरात दवाखान्यात न्या." जावई चांगली मोटर घेऊन समुद्रात गेलेला, गावच्या बाकीच्या होड्याही त्याच्याच मागे. उरली एक रिकामी होडी आणि ही जुनी मोटर, बायको कांदेलारिया वारल्यापासून नीरफणसाखाली पडून असलेली. त्यात ओहोटी लागली होती. घराखालच्या खांबांची ओली बुडं दिसू लागली होती. आणखी थोड्या वेळाने खाडीत नुसता चिखल उरला असता.

तीन बोल्ट कसेबसे निघाले. चौथा निळ्या रंगात गाडला गेला होता. दर जुलैत होडीवाल्यांना सांभाळणाऱ्या मेरीमातेची, म्हणजे कार्मेनमाउलीची, मिरवणूक होड्यांमधून निघते. आदल्या दिवशी कांदेलारिया मोटर वरपासून खालपर्यंत रंगवायची, न धुता, खाऱ्या अंगावरच.

"अगं, बोल्ट तरी सोड," तो म्हणायचा.

"अर्धीच नटवून न्यायची का माउलीपुढे?" ती म्हणायची, आणि तो हसायचा. गावातल्या सगळ्याच बायका तसं करायच्या. मीठ रंगाखाली कोंडलं गेलं आणि बोल्ट आतल्या आत चिकटून बसला.

तो चाकूने रंग खरवडू लागला. एका थरात तिच्या ब्रशाचा केस अडकलेला निघाला. त्याचा हात थांबला.

"रडायचं ते मग रड," तोमासा दारातून म्हणाली. "पोरीजवळ तेवढा वेळ नाही."

त्याने डाग द्यायची गॅसची बत्ती पेटवून तिची ज्योत बोल्टभोवती धरली. उरलेला निळा रंग फुगला, काळा पडला. पाना आधी आवळायच्या बाजूला जरासा दाबला, मग उलटा. बोल्ट ढिम्म हलला नाही.

"मेणबत्ती दे," तो म्हणाला.

"कुठली?"

"माउलीपुढची. आत मेण गेलं तर सुटेल."

तोमासाने छातीवर क्रूस काढला. "डोकं फिरलं का तुझं? मूल होईस्तोवर ती मेणबत्ती जागेवरून हलवत नाहीत. नुबियाच्या वेळी तुझ्या बायकोसाठी मीच लावली होती."

"दुसरी नाहीये घरात. विझवणार नाही."

आतून नुबिया ओरडली, "द्या हो बाबांना, मावशी! आम्ही निघाल्यावर माउली काय एकटी घरात बसणार आहे? तिलाही घ्या होडीत!"

तोमासा तळव्याच्या आडोशाने ज्योत सांभाळत बाहेर आली. एलादियोने मेणबत्ती तापलेल्या बोल्टवर तिरकी केली. मेण धुरकटलं आणि फटीत शोषलं गेलं. त्याने आणखी मेण सोडलं. निकानोरची थट्टा केव्हाच बंद पडली होती. एलादियोने पाना लावून डोळे मिटले आणि दाब दिला.

कर्र!

मुंडी गेली, त्याला वाटलं. डोळे उघडून बघतो तर मुंडी शाबूत होती, आणि खरवडायचं राहिलेलं रंगाचं काळं कडं तिच्याभोवती तडकलं होतं. बोल्ट फिरला होता.

नवा रबरी पंखा बसवून मोटर होडीला लावेपर्यंत पाणी गुडघ्याखाली गेलं होतं. निकानोर शिव्या देत चिखलात उतरला आणि त्याने होडी खांद्याने ढकलली. नुबियाला गादीवर निजवलं होतं. तोमासा उशाशी पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती धरून बसली.

मोटर खोकली, अडखळली, मग चालू झाली. एलादियो मागे वाकून बघत राहिला. मोटर पाणी खेचत असेल तर बाजूच्या भोकातून धार दिसायला हवी होती, दिसत नव्हती. दर फेरीला कांदेलारिया होडीच्या पुढच्या टोकावरून एकच प्रश्न विचारायची. ती गेल्यावर त्याने ही मोटर पाण्यात घातलीच नव्हती.

नुबियाने कळ दाबत मान उचलली.

"बाबा, पाणी येतंय का?"

भोकातून आधी थेंब गळले. मग बारीक, वाकडी धार सुरू झाली.

"येतंय," तो म्हणाला, आणि नखांत निळा रंग भरलेल्या हाताने त्याने होडीचा वेग वाढवला.