उभी रेघ

बाईंनी त्या वर्षी अक्षरांचा क्रम बदलला, आणि ते कुणाच्या लक्षात येणार नाही असं त्या धरून चालल्या होत्या.

बालवाडीत इतकी वर्षं त्यांची सुरुवात ग पासून व्हायची. ग, मग म, मग न. यंदा मात्र आधी ट आला, पाठोपाठ ठ, मग र, ड, द. सगळी पोटाची, वळणाची, शेपटीची अक्षरं. वरपासून खालपर्यंत उभी रेघ असलेली अक्षरं त्यांनी एकेक करून मागे सारली. नकोसं काम आपण "आज राहू दे, उद्या बघू" म्हणत मागे सारतो, तशी.

वळणात पुष्कळ खपून जातं. ठ चं पोट थोडं सुटलं तर कोण विचारतो? उभी रेघ मात्र उघड्यावर असते. तिला आडोसा नाही.

आणि बाईंचा उजवा हात कापत होता.

आधी त्यांना वाटलं थंडी आहे. मग वाटलं, झोप पुरत नाही. थंडी सरली, झोपही लागायला लागली, पण हात काही ऐकेना. मांडीवर पडलेला असला की शहाण्यासारखा गप्प; काही करायला उचलला की याचं सुरू. देवापुढे जोडला की तेवढा थांबे. दोन हात एकमेकांना धरून ठेवतात म्हणून, की आणखी कशानं, ते बाईंनी देवाला विचारलं नाही. तेवढा थांबतो हीच कृपा. बाकी कुणाजवळ त्या बोलल्या नव्हत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत आणि मूठ खरोखरच झाकून ठेवत. कधी शालीखाली, कधी पिशवीच्या आड, कधी पाठीमागे.

त्यांची सून त्याच बालवाडीत शेजारच्या खोलीत शिकवायची. घरातून निघताना ती सासूला आई म्हणे, आणि फाटकाच्या आत पाऊल पडलं की बाई. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, "फाटकाच्या आत मी कुणाची सासू नाही."

"मग फाटकाच्या आत मी जरा निवांत बसेन," सून म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचं बरं जमलं होतं.

एकच गोष्ट बाईंना खुपत होती. सून हल्ली चहा अर्धाच कप द्यायची.

"दूध नासलं का गं?" बाईंनी एकदा विचारलं.

"नाही. का?"

"कप अर्धाच दिसतोय. आमच्या वेळी सासूला काठोकाठ भरून द्यायचे."

"हा संपला की अर्धा परत देते ना," सून म्हणाली, आणि खरंच दिला. बाईंच्या मनात आलं, ही बया कुरकुरायलाही जागा ठेवत नाही.

अक्षरं मागे सारून किती सारणार? एके दिवशी उभ्या रेघेची तेवढी उरली. ग आला.

बाईंचा एक नेम होता. मुलं यायच्या आधी रिकाम्या वर्गात त्या फळ्यावर दिवसाचं अक्षर लिहीत, त्याला हात जोडत आणि मग पुसत. ताप असो, घरी पाहुणे असोत, हा नेम कधी चुकला नव्हता. त्या सकाळी त्यांनी ग लिहिला. पहिला भाग, माशाच्या गळासारखा, तो कसाबसा वळला. उभी रेघ खाली येता येता थरथरली, पाण्यात काठीची सावली मोडते तशी. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. देवाला वाकडी रेघ चालते, तो आतलं बघतो. पोरं वरचं बघतात. त्यांनी हात जोडले आणि फळा लगबगीनं पुसला.

मुलं आली. चपलांचा ढीग झाला, कुणाची बाटली सांडली, कुणी कुणाच्या जागेवर बसलं म्हणून रुसारुशी झाली. मग वाळूची ताटं मांडली. बाईंची पद्धत ठरलेली: आधी बोटानं वाळूत, मग पाटीवर गिरवायचं, मग पाटी पुसून आपल्या मनानं.

"आधी गळ," बाई म्हणाल्या.

"आधी गळ," सगळी ओरडली.

"मग खांब. मग वर छप्पर."

वाळूचं बरं गेलं. वाळू सगळ्यांनाच सांभाळून घेते. पुढे एकेक मूल पाटी घेऊन येऊ लागलं. बाईंनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि प्रत्येक पाटीवर ग काढून दिला. गळ, खांब, छप्पर. मुलं जागेवर जाऊन त्यावरून पेन्सिल फिरवू लागली. गिरवून गिरवून रेघा जाड झाल्या.

सगळ्यात शेवटी मुंगी आली. वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. बोलायची क्वचित, पण हाती घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय उठायची नाही, म्हणून हे नाव पडलं होतं. तिनं बाईंचं मनगट पाहिलं, मग बाईंचं तोंड पाहिलं, आणि पाटी छातीशी धरून गेली.

"आता पुसा," बाई म्हणाल्या. "आता तुमचा तुम्ही."

ओला फडका फिरला. माना खाली गेल्या. थोड्या वेळानं बाई ओळीतून हिंडू लागल्या. पहिल्या पाटीवरचा खांब नागमोडी. नवा हात आहे, त्या म्हणाल्या. दुसऱ्या पाटीवर तसाच. तिसऱ्या पाटीपाशी त्या थांबल्या. चार वर्षांच्या हाताचं वाकडेपण त्यांना पाठ होतं. ते दर मुलाचं निराळं असतं. कुणाची रेघ कलते, कुणाची मध्येच पळून जाते. इथं मात्र सगळ्यांचं वाकडेपण एक होतं. वरपासून खालपर्यंत बारीक बारीक लाटा, मन लावून काढलेल्या. आडात असेल ते पोहऱ्यात यायचंच.

पुढच्या रांगेतल्या बडबड्यापाशी त्या वाकल्या.

"खांब असा का रे काढलास?"

"असाच असतो."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच काढून दिला की. आधी इकडे, मग तिकडे, मग परत इकडे." बाई स्वतःच विसरल्या, याची त्याला कीव आलेली दिसली. "मुंगीला येतच नव्हता. तिचा सरळच यायचा. मग मी शिकवला."

मुंगीच्या पाटीवर पुसल्याचा ओला डाग अजून होता. त्यावर नवा खांब उभा होता, चांगला लाटालाटांचा. तिनं मान वर करून विचारलं, "आता जमला?"

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिथंही कापला, म्हणून लगेच काढून घेतला.

मधल्या सुट्टीत पाट्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत. सून डबा घेऊन आत आली आणि थबकली.

"हे काय बाई, तुमच्या वर्गातले सगळे ग थंडीनं कुडकुडतायत," ती हसत म्हणाली. बाई हसल्या नाहीत. सुनेनं पाट्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. हसू विरून गेलं. ती मुलांच्या बुटक्या बाकावर टेकली.

"मला वाटलं होतं, तुम्ही आपण होऊन सांगाल."

"काय सांगायचं?"

"ट, ठ, र, ड. माझ्या वर्गाचे ग, म, न कधीच झाले. मी काय आंधळी आहे?" तिनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "आणि अर्धा कप. काठोकाठ भरला की तुम्ही बशीत सांडता, मग सांडलेलं लपवता, आणि चहा तसाच टाकून उठता. म्हणून अर्धा."

इतके दिवस बाई जिला मनात चिक्कू म्हणत होत्या, ती त्यांचं सांडणं सावरत होती.

"डॉक्टरांकडे जाऊ," सून म्हणाली.

"जाऊ. पण डॉक्टर काय सांगेल ते सांगेल. फळ्याचं काय?" बाईंचा आवाज मुळातच हळू, आता तो आणखी खाली गेला. "खडू सुटला की मी कशाची बाई? घरी बसून शेंगा सोलणारी म्हातारी, एवढीच."

सुनेनं त्यावर उगीच समजूत घातली नाही. "उद्या दोन्ही वर्ग एकत्र घेऊ," ती म्हणाली. "ग मी काढते. पोरं विसरतील. पोरंच ती."

दुसऱ्या दिवशी दोन्ही खोल्यांमधलं दार उघडलं. सुनेनं फळ्यावर मोठा ग काढला. खांब असा सरळ की वरून ओळंबा सोडावा. बाई मागे भिंतीपाशी शाल घेऊन बसल्या होत्या.

"चुकलं," बडबड्या म्हणाला.

"काय चुकलं रे?"

"खांब. हलवा ना तो."

"खांब सरळच असतो, राजा."

"आमच्या बाईंचा नाही." आणि बाईंचा अख्खा वर्ग एका सुरात बोलू लागला, आमच्या बाईंचा नाही, आमच्या बाईंचा असा नाही. सुनेच्या वर्गातली मुलं म्हणाली, आमचा बरोबर आहे, तुमचा वाकडा. "वाकडे तुम्ही," उत्तर आलं. बघता बघता दोन ग वरून दोन फळ्या पडल्या. मुंगी कुठल्याच फळीत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. काल सरळ पुसून तिनं वाकडा शिकून घेतला होता, आणि आज फळ्यावर सरळ होता.

सुनेनं हात वर केला. "ऐका. बाईंनी तुमची गंमत केली होती. बघत होत्या, कोण ओळखतं ते. हो ना, बाई?"

सगळी तोंडं मागे वळली.

किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर हशा झाला असता, पाट्या पुसल्या गेल्या असत्या आणि झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. सुनेनं दिलेली ही वाट प्रेमाची होती, हे बाईंना कळत होतं. पण त्यांना मुंगीचं तोंड दिसलं. गंमत होती म्हटलं, तर या पोरीनं जीव लावून केलेल्या कामाचं हसं होईल. उद्यापासून फळ्यावरच्या प्रत्येक अक्षराकडे ती संशयानं बघेल. देवा, बळ दे, बाई मनात म्हणाल्या, आणि उठल्या.

"गंमत नव्हती," त्या म्हणाल्या.

त्या फळ्यापाशी आल्या. शाल खांद्यावर टाकली आणि उजवा हात सगळ्यांपुढे धरला. तो कापत होता.

"हा माझा हात बघा. आजारी आहे तो. मी त्याला सरळ जा म्हणते, तो जात नाही. ग चा खांब सरळच असतो. माझा ग चुकला. तुम्ही माझं बघून अगदी बरोबर काढलंत, तुमची काही चूक नाही. चूक माझी. कालच सांगायला हवं होतं."

मग बडबड्यानं विचारलं, "दुखतो?"

"नाही रे."

"मग रात्री झोपतो का?"

"झोपतो. मी झोपले की तोही झोपतो."

एवढ्यावर त्याचं समाधान झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "माझ्या आजोबांची मान हलते, पण ते नाही म्हणत नसतात." त्यावर पुष्कळांना आपापल्या घरातलं काही ना काही आठवलं. सुनेनं बोलू दिलं. बाईंनी हात झाकला नाही.

मग त्या मुलांच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी गळ." सुनेनं फळ्यावर गळ काढला. "मग खांब. वरून निघायचं, वाटेत कुठे थांबायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, जमिनीवर आलं की थांबायचं." सुनेचा खडू बाईंच्या शब्दाबरोबर खाली आला. "मग छप्पर." पाट्यांवर पेन्सिली कुरकुरू लागल्या. बाई ओळीतून हिंडल्या. हाताला काम नव्हतं, म्हणून डोळ्यांनी जास्त दिसत होतं. एकाची पेन्सिल फार आवळलेली होती, त्याला त्यांनी ती सैल धरायला सांगितली.

मुंगीच्या पाटीवर दोन ग होते. एक सरळ खांबाचा. त्याच्या शेजारी दुसरा, लाटांचा, कालच्याइतकाच मन लावून काढलेला.

"हे काय गं?"

"हा माझा." तिनं बोट सरकवलं. "हा तुमचा."

बाईंनी दोन्ही ग पुन्हा एकदा पाहिले. पण चुकलेलं अक्षर पाटीवर ठेवून उठायचं नाही, हा त्यांच्याच वर्गाचा कायदा.

"माझा पूस," त्या म्हणाल्या.

"तुमचा आहे ना पण."

"माझा आहे, म्हणूनच पूस."

मुंगीनं फडका घेतला आणि हळू हळू, सरळ ग ला धक्का न लागू देता, दुसरा पुसला. मग पाटी वर धरली. एकच ग उरला होता. छप्पर जरा तिरपं, पण खांब ठाम.

"हं," बाई म्हणाल्या. "आता जमला."

शाळा सुटली. चपलांचा ढीग सरला, मुलं आपापल्या माणसांच्या हाताला लागली. सुनेनं खोल्या बंद केल्या. जाण्याआधी बाईंनी खडूची पेटी तिच्या हातात दिली. "सकाळचा माझा नेम तेवढा राहील. अक्षर तू काढ, हात मी जोडेन."

"बरं," सून म्हणाली. तिनं पेटी पिशवीत ठेवली.

दोघी फाटकातून बाहेर पडल्या. रस्त्यावर ऊन होतं आणि समोरून सायकली येत होत्या. सुनेनं बाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "जपून, बाई," ती म्हणाली. "इथं पायरी आहे."

"अगं, फाटक मागे राहिलं," बाई म्हणाल्या.

"राहू दे," सून म्हणाली, आणि घर येईपर्यंत बाईच म्हणत राहिली.