देवजीशेठचं नेत्रशिबिर

महादूने उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि ओठातल्या ओठात पुन्हा म्हटलं, ‘र, ब, ल, ठ, न.’ रांगेत त्याच्यापुढे चारच ड्रायव्हर उरले होते.

सकाळी धसईच्या देवळाचा सभामंडप झाडताना त्याची बायको प्रेमा हिने डॉक्टरांच्या अक्षरांच्या पाटीवरची शेवटची ओळ हेरून ठेवली होती.

“गेल्या सालची पाटी नाय ही. नवीन लावलीय. पाठ करा.”

“सोमवारच्या उपासाला चोरी शिकवतेस गो?”

“उपास माजा हाय, तुमचा नाय.”

भाजीच्या एका टेम्पोवर सुरुवात करून देवजीशेठ दीडशे ट्रकांचे मालक झाले होते. सभामंडप त्यांनी बांधलेला, शिबिरही त्यांचंच. लोक पाया पडत आणि पाठ वळली की म्हणत, एका हाताने चष्मा देतो, दुसऱ्या हाताने स्टेअरिंग काढून घेतो. गेल्या साली कोंडू ड्रायव्हरला फुकट चष्मा मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी घरी बसायचा निरोप. महादू तेव्हा पाठांतरावर निभावला होता.

दारात झेंडूच्या माळा घातलेली पिवळी बस उभी होती. पाड्यांवरच्या पोरांना शाळेत न्यायला शेठनी दिलेली. पहिली फेरी ते स्वतः मारणार होते, मुरबाडपर्यंत.

“आजाऽ, मी खिडकीत!” बसमधून नात ओरडली, बाळी.

महादूला खिडकी दिसली. बाळी दिसली नाही.

फोटोसाठी शेठच आधी खुर्चीवर बसले. एक डोळा झाकून त्यांनी खणखणीत वाचलं, “ग, म, भ, न, त.”

“फर्स्ट क्लास, शेठ!” डॉक्टर हसले. टाळ्या पडल्या.

ही तर गेल्या सालच्या पाटीवरची ओळ; महादूनेही तेव्हा हीच पाठ केली होती.

शेठनी नारळ फोडला, बसमध्ये चढून इंजिन सुरू केलं. पोरांनी एकच गलका केला.

तोवर पुढचे चारही ड्रायव्हर तपासून झाले होते. “महादू, चल रे, तुजा नंबर!” रांगेतला मागचा ओरडला.

तो रांग सोडून बाहेर आला. ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभं राहून त्याने हात पसरला.

“चावी द्या, शेट.”

“का रे? तू चालवतोस?”

“नाय.” त्याने हात मागे घेतला नाही. “मला पन दिसत नाय.”

देवजीशेठनी आवाजाच्या रोखाने मान वळवली. महादूच्या जरा बाजूलाच पाहत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं. चावी मात्र मुठीतच ठेवली.