अपील होते, स्थगिती नव्हती

माझ्या डाव्या चौकटीला, कमरेच्या उंचीवर, करंगळी बसेल एवढी खाच आहे. वर्षानुवर्षे लांब फळ्या घासून गेल्या, त्याने ती पडली. मित्रांनो, मी एक जुने, जाड लाकडी दार आहे. एका सुताराने मला घडवले. त्याच्या माघारी घराची वाटणी झाली. मुलाकडे कारखाना गेला, मुलीकडे अंगण, आणि मी मधल्या भिंतीत राहिलो.

कारखान्याच्या पुढच्या बोळाला वळण आहे. लांब फळी तिथे अडते. ती माझ्यातून, ताईच्या अंगणातूनच बाहेर निघते. पूर्वी गिऱ्हाइके माझ्या नक्षीवरून हात फिरवत. मग भावाने मला लाथेने ढकलायला सुरुवात केली. ताईच्या धुतलेल्या कपड्यांवर भुसा उडू लागला. ती बोलली, तर म्हणाला, "बापाचं दार आहे. तुझी परवानगी कशाला?"

ती कोर्टात गेली आणि जिंकली. मला बुजवण्याचा हुकूम झाला.

भावाने वरच्या कोर्टात अपील केले. नुसत्या अपिलाने हुकूम थांबत नाही, स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, असे त्याच्या वकिलाने बजावले होते. दार गेल्यास काय नुकसान होईल, तेही शपथेवर सांगावे लागते. घोडे तिथेच अडले. ताईच्या अंगणावाचून आपले चालत नाही, हे तो लिहून देणार? अर्ज राहिला तो राहिलाच.

ताईच्या वकिलाने अपिलाला उत्तर दिले आणि तिला हुकूम बजावून घ्यायला सांगितले. ती "बघू" म्हणत राहिली. शेवटी त्याने बजावणीच्या अर्जावर तिची सही घेतली. ऐन वेळीही थांबवता येईल, म्हणाला.

आज कोर्टाचा बेलिफ गवंड्याला घेऊन आला. भाऊ आडवा उभा राहिला.

"अपील चालू आहे. हात तर लावून बघा."

"अपील आहे हो," बेलिफ म्हणाला. "स्थगिती दाखवा."

आता बाईंनी नको म्हटले तरच थांबेन, असे बेलिफाने सांगितले.

मित्रांनो, दाराला तेलपाणी कराच, पण दारापलीकडच्या माणसाशी आधी नीट बोला. एक बरा शब्द पुरला असता. भावाने ताईकडे पाहिलेसुद्धा नाही.

"विचारा त्यांना," तो म्हणाला. "कोर्टाच्या लाडक्या आहेत."

ताई पायरी उतरून खाली आली. गवंडी घमेले धरून थांबला होता.

"चौकटीसकट काढा," ती म्हणाली.