पैकीच्या पैकी

माझी बायको तनुजा कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि दरवर्षी एका वर्तमानपत्रासाठी आमदारांचं प्रगतिपुस्तक तयार करते. सभागृहातली हजेरी, विचारलेले प्रश्न, खर्च झालेला निधी. यंदा आमच्या आमदारांना तिनं निधीत पैकीच्या पैकी गुण दिले आणि ते जिल्ह्यात पहिले आले. गावात ते कुणी वाचलं नाही. गावाची परीक्षा वेगळी. आमदार मयतीला येतो की नाही, एवढंच बघायचं. त्यातही ते कधी नापास झालेले नाहीत.

त्याच निधीतून शेंद्र्याजवळच्या आमच्या आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका मिळाली होती. माझा धाकटा भाऊ माऊली कंपनीतून पाळी संपवून आला आणि अंगणातच छाती धरून बसला, तेव्हा मी केंद्रात फोन लावला.

"गाडी हाय, पण डायवर दिलेलाच नाय," पलीकडून उत्तर आलं.

शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून शहराकडं निघालो. शहराच्या तोंडाशी असलेली मुकुंदवाडी यायच्या आत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून माऊली गेला. गाडी आल्या दिवसापासून तशीच उभी होती, आणि माझ्या बायकोनं तिलाच गुण दिले होते. तेव्हापासून आम्ही नवरा-बायको एकमेकांकडं नीट बघू शकलेलो नाही.

दशक्रियेला आमदार आले. प्रवचन संपल्यावर माईक हातात घेऊन गहिवरले. "या घरच्या सूनबाईंनी मला जिल्ह्यात पहिला नंबर दिला. या घरचं दुःख ते माझं दुःख." बाया डोळे पुसू लागल्या. तनुजा मान खाली घालून बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या आणखी कुणाचा भाऊ असा जाऊ नये, म्हणून मी उठलो.

"साहेब, गाडी होती, डायवर नव्हता. तो कधी देताय, ते इथंच सांगा."

चुलते सर्जेराव माझा सदरा ओढत म्हणाले, "काकासाहेब, मयताच्या कामात राजकारण आणू नको. खाली बस."

मी आईकडं पाहिलं. लेक तिचा गेला होता, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं. आईनं उठून आमदारांपुढं हात जोडले.

"त्याचं मनाला लावून घेऊ नगा, सायब. तुमी आलात, माझ्या लेकराचं सोनं झालं." मग माझ्याकडं वळली. "बघत काय उभा राहिलास? सायबाला वाढ."

पंगत बसली. मी बुंदी वाढली. आमदारांनी उष्टा हात बाजूला धरून दुसरा माझ्या पाठीवर ठेवला.

"एवढं बोलला, तरी सायबांनी राग नाय धरला," मागून कुणीतरी म्हणालं. "लई मोठ्या मनाचा माणूस."