प्रेसच्या सतरा खोडी

कडुबा भला माणूस. एवढा भला, की त्याच्या भलेपणाचाच राग यावा.

देवगाव रंगारीचा हा गडी चितेगावच्या कारखान्यात चौदा वर्षं एकाच प्रेसवर उभा होता. अमेरिकेतले लोक अंगणातलं गवत कापायला मशीन फिरवतात. तेवढ्या गवतावर आपल्याकडं एक म्हैस पोसली असती, पण ते असो. त्या मशीनचं पत्र्याचं झाकण ही प्रेस दाबून काढायची. प्रेसही तिकडचीच. तिकडला कारखाना बंद पडला तेव्हा ती स्वस्तात इकडं आली. तिच्या मागच्या अंगाला तिकडच्या कुणा कामगारानं खिळ्यानं इंग्रजीत ‘रे’ असं आपलं नाव कोरलं होतं. दसऱ्याला प्रेसला हळदीकुंकू वाहताना कडुबा त्या नावालाही एक बोट लावायचा. शफीक फिटर हसायचा, म्हणायचा, हा गोरा तुझा सासरा लागतो का काय. कडुबाचं म्हणणं एकच, ह्या माणसाची रोजी आपल्याकडं आली, त्याला विसरून कसं चालंल.

यंदा उन्हाळ्यात बातमी आली. अमेरिकेला आता कारखाने पुन्हा आपल्याच घरी पाहिजेत, म्हणून प्रेस परत जाणार, आणि तिच्यासंगं लाइनवरच्या अकरा जणांचं काम. सगळे हबकले. शफीकनं तर दोन दिवस डबा उघडला नाही. पण चार दिवसांनी कडुबानं स्वतःची समजूत काढली. चौदा वर्षं आपण त्या रेचं खाल्लं, आता त्याच्या पोराबाळांना मिळंल. ज्याचं त्याला.

इथंच थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण त्या प्रेसच्या सतरा खोडी होत्या आणि त्या एकट्या कडुबाला ठाऊक होत्या. थंडीत सकाळचे पहिले दहा ठोके पत्रा चिरतात. तेल तापलं की आवाज जाड होतो, तेव्हा दाब कमी करायचा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, हवा दमट असली की वर गेलेली प्रेस न सांगता दुसऱ्यांदा खाली येते. तसल्याच ठोक्यात लाइनवरच्या अप्पारावची तीन बोटं गेली होती. त्यावर ब्रेक किती आवळायचा, हे पुढं कडुबानंच शोधून काढलं. तिकडच्या नव्या माणसाला हे कोण सांगणार?

त्यानं एकेक खोड आपल्या लेकीला, श्रेयाला सांगितली. बारावीची पोरगी, मोबाइलवर शब्द शोधत तिनं तीन संध्याकाळी बसून सगळं इंग्रजीत उतरवलं. शफीकला कळलं तेव्हा तो भडकला. उस्तादानं शेवटचा डाव कुणाला शिकवायचा नसतो, असं त्यानं परोपरीनं बजावलं.

“त्या माणसाची बोटं जातील, शफीकभाई,” कडुबा म्हणाला. “मला माहीत असून नाय सांगितलं, तर ते पाप कुणाचं?”



पाहणीला तिकडचा इंजिनिअर आला, तेव्हा कडुबानं दोन्ही हातांनी त्याला तो कागद दिला. इंजिनिअरनं तो उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि कडुबाचा हात धरून कितीतरी वेळ हलवला. दोघांचा फोटोही काढून घेतला. कडुबा त्या दिवशी हवेत तरंगतच घरी गेला.

आठव्या दिवशी मॅनेजर अभय साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, की दोन महिने ते तिकडच्यांशी भांडत होते. ही प्रेस एकाच माणसाच्या हाताला वळते, तिकडं नेऊन उपयोग नाही, राहू द्या इथंच. ते लोक जवळजवळ तयारही झाले होते. दोन वर्षं तरी लाइन टिकली असती. पक्कं होईस्तोवर बोलायचं नाही म्हणून साहेब गप्प राहिले. आता तो कागद पोचला, आणि तिकडून उत्तर आलं की अडचण सुटली, सोमवारी प्रेस उचला.

आपल्याच हातानं अकरा जणांच्या पोटावर पाय दिला, हे कडुबाला कळलं. तरी त्यानं विचारलं. तेवढाच एक आधार उरला होता.

“साहेब, पण तिथं जो माणूस उभा राहील, त्याची बोटं तर वाचतील ना?”



“तिथं माणूस नाही, कडुबा. पत्रा यंत्रच ठेवणार आणि यंत्रच उचलणार. ह्या खोडींपायी एक माणूस ठेवणार होते. तुझ्या सतरा गोष्टी त्यांनी कॉम्प्युटरात घातल्या. आता तोही नको म्हणाले.”

घ्या! करायला गेला गणपती अन् झाला मारुती म्हणतात, इथं तर मारुतीही झाला नाही.

बाहेर शफीक वाट बघत होता. कडुबानं त्याला सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. शफीकनं शिवी दिली नाही. पाना उचलून तो प्रेसकडं गेला. सोमवारपर्यंत ती सुटी करायची होती, आणि ते काम फिटरचंच होतं.

संध्याकाळी श्रेया दारातच भेटली. गेले आठ दिवस विचारत होती तेच तिनं विचारलं, की तिकडून काही उत्तर आलं का, तिचं इंग्रजी त्या लोकांना समजलं का.

“समजलं, बाई,” कडुबा म्हणाला. “सगळंच समजलं त्यांना.”

पोरगी हरखून आईला सांगायला आत पळाली. काम गेल्याचं तिला आज ना उद्या सांगावंच लागणार होतं. पण ते कशानं गेलं, हे तिला जन्मात कळू द्यायचं नाही, एवढं कडुबानं ठरवलं आणि चपला न काढताच तो उंबऱ्यावर खाली बसला.