पितांबरची नाळ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. कुठंही दिलेल्या असोत, धुळ्याला, शिरपूरला, पार सुरतेला, चैत्र सरत आला की सासरी त्यांचं कामात लक्ष लागत नाही. आम्ही बौद्ध. आमचा सण बुद्धपौर्णिमेचा, पण ती आखाजीमागून लगेच येते. म्हणून आमच्या वस्तीतल्या लेकी आखाजीला यायच्या आणि पौर्णिमा करूनच परतायच्या. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात वस्तीच्या तोंडाशी मोठा निंब आहे. त्याला झोके बांधलेले असायचे, आणि त्याच निंबाखाली माझा भाऊ यादव सुया मांडून बसायचा.

यादव माझ्यापेक्षा धाकटा. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या आजारावर संशोधन करायचा. त्याला एकेका घरातली सगळी रक्ताची माणसं लागत, आजीपासून नातवापर्यंत. एरवी ती गोळा करायची तर चार जिल्हे पालथे घालावे लागले असते. आखाजीला ती आपसूक एका निंबाखाली सापडायची. पारोळ्याच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणायचा, थर्माकोलच्या डब्यात भरायचा, रक्ताच्या बाटल्या त्यात ठेवायच्या आणि त्याच दिवशी जळगावला जाऊन गाडी धरायची, असा त्याचा सण. बाया त्याला सोडायच्या नाहीत. शेजारची यशोदाबाई दंड पुढं करत म्हणायची, "बाकीना भाऊ आखाजीले लुगडं देतस, हाऊ भाऊ रगत लेस!" यादव हसायचा आणि सुई टोचायचा. दोन दिवस राहा म्हटलं तर म्हणायचा, रक्त खराब होईल.

आजाराचं नाव सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक शिरांत अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की माणूस गुरासारखा ओरडतो. आमचा सगळ्यांत धाकटा भाऊ पितांबर त्यातच गेला. अकरा वर्षांचा होता. तेव्हा आमच्याकडे त्या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं. कुणी वात म्हणे, कुणी बाहेरचं म्हणे. थंडी पडली की त्याचे गुडघे सुजायचे. तो ते माझ्या मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "अक्का, धरी ठेव." मी धरून ठेवायचे. माझ्या हातांना ते गुडघे अजून आठवतात. त्याचा फोटो कधी काढला नाही, कपडे वाटून टाकले, शाळेची पाटी कुणाकडे गेली ठाऊक नाही. अशा पोराची आठवण काढायची तरी कशाला धरून, सांगा.

पुढं यादवनं माझं रक्त तपासलं तेव्हा कळलं, पितांबरला होता तोच आजार मलाही आहे. मला! दोन लेकरं झाली, धुळ्याच्या शाळेत दिवसभर पोरांवर ओरडते, आणि हिवाळ्यात चार दिवस सांधे धरले तर धरले. यादवला आईबापांसारखा अर्धाच दोष होता, एक जनुक चांगलं आणि एक वाईट, म्हणून तो ठणठणीत. आम्हा दोघांना मात्र दोन्हीकडून वाईट आलेलं. मग एक का गेला आणि एक का राहिली?

यादवनं मला समजावलं होतं. पोटातल्या बाळाचं रक्त वेगळ्या बनावटीचं असतं, आणि त्यासाठी वेगळं जनुक असतं. बाळ जन्मलं की काही महिन्यांत ते जनुक बंद पडतं आणि मोठ्या माणसाच्या रक्ताचं जनुक कामाला लागतं. आमचा दोष या दुसऱ्या जनुकात. माझं बाळपणाचं जनुक पुरतं बंदच झालं नव्हतं. ते या वयातही थोडंथोडं रक्त बनवत होतं आणि त्याच्या जोरावर मी हिंडत होते.

"म्हंजे मी आजून तान्हीच शे का?" मी म्हटलं.

"तान्हीच शे. म्हनीसन इतली रडस," यादव म्हणाला.

पण लगेच त्याचं तोंड उतरलं. पितांबरचं ते जनुक का बंद झालं असावं, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला होता. आईबाप तेच, दोष तोच, मग बंद आणि चालू करणारं आणखी काहीतरी आमच्या दोघांत वेगळं असणार. ते सापडलं तर कुणा दुसऱ्या लेकराचं बंद झालेलं जनुक पुन्हा चालू करता येईल, असं तो लोकांना सांगायचा. खोटं नव्हतं ते. पण मी त्याची बहीण. मला दिसत होतं की तो पितांबरला शोधतोय. मलाही पितांबर हवा होता. फरक इतकाच की मला यंत्र चालवता येत नव्हतं.

माझ्या रक्तात अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं पितांबरबरोबर गेलेलं. त्र्याण्णव सालच्या आखाजीला यादव आला तो वेगळ्याच तंद्रीत. त्यांच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं. वाळून कडक झालेल्या राईएवढ्या तुकड्यातूनही माणसाचं जनुक वाचता येईल म्हणाला. आणि त्याला मायची डबी आठवली होती.

माय, म्हणजे आमची आई भागाबाई. दीक्षा घेतली तेव्हा आबांनी, आमच्या वडिलांनी, देव्हाऱ्यातले देव बोरी नदीला दिले. मायनं हूं की चूं केलं नाही. पण नाळेची डबी काही तिनं दिली नाही. बाळाच्या बेंबीची नाळ वाळून गळून पडते, ती तिनं जपलेली. पत्र्याच्या डबीत लुगड्याच्या दोन चिंध्या, एकीत यादवची नाळ, एकीत पितांबरची. आणि माझी? माझी उकिरड्यात पुरली म्हणे, लेक परक्या घरची! यावरून मी मायशी आयुष्यभर भांडत आले आहे.

यादव तिच्यापुढं बसला. "माय, पितांबरनी नाळ दे मले."

"कसाले जोयजे?"

त्यानं सगळं सांगितलं. किती कळलं देव जाणे. माय शेवटी एकच विचारती झाली, "परत भेटी का?"

इथं खोटं बोलला असता तरी चाललं असतं. पण यादव खरं बोलला. "नही माय. ती कुटनी पडी."

माय उठली आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली. मी यादववर उखडले. म्हटलं, तुला लाज वाटते का? तिच्याजवळ त्या पोराचं तेवढंच आहे. तो म्हणाला, "अक्का, डबीत ठेवीसन तो परत येवाव शे का?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगते, मलाही वाटत होतं की मायनं द्यावी. मी का राहिले हे मला कळायला हवं होतं. फुकट राहिल्यासारखं वाटायचं मला.

संध्याकाळी निघायच्या वेळी मायनं यादवच्या हातावर एक चिंधी ठेवली. यादवनं ती कपाळाला लावली, काचेच्या बाटलीत घातली आणि गेला. पौर्णिमेला मायनं गोडाधोडाला हात लावला नाही. मी मनात म्हटलं, दिली बिचारीनं.

दिवाळीच्या सुमारास धुळ्यात आमच्या गल्लीतल्या बन्सीलालच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. साखरेच्या पोत्यांमध्ये उभी राहून मी बोलत होते. फोन यादवचा होता.

"अक्का, पितांबरले तो आजार नव्हताच."

"काय बोलस तू?"

"एक चांगलं, एक वाईट. मना रगतमा शे तसंच. तो आजारानं गयाच नही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले, ते गुडघे माझ्या मांडीवर होते, तुझ्या यंत्राच्या नव्हते. बन्सीलालनं गिऱ्हाइकाला साखर जोखता जोखता मान वर केली. फोन ठेवला आणि मी घरी येऊन रडले. मग तो कशानं गेला? आम्ही काय करायला हवं होतं आणि केलं नाही? आजारानं गेला यात निदान आमचा दोष नव्हता.

पुढं कळलं ते असं. यादवनं आणखी बारकाईनं पाहिलं तर पितांबरच्या जनुकातल्या सगळ्या खुणा यादवच्याच जनुकाशी जुळत होत्या, एकूण एक. दोन भाऊ झाले तरी इतके जुळत नाहीत. त्यांच्या कामात अशी चूक होते म्हणे. तपासणाऱ्याचाच एखादा केस, थुंकीचा कण नळीत पडतो आणि माणूस स्वतःलाच तपासत बसतो. त्याचे साहेब त्याला हसले. त्यानं टेबल धुतलं, नळ्या फेकल्या, हातमोजे घालून पुन्हा केलं. तेच आलं. शेवटी उरलेला तुकडा त्यानं एका सहकारी बाईच्या हवाली केला आणि स्वतः त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. तिनं केलं. तरी यादवच निघाला.

चौऱ्याण्णवच्या आखाजीला तो आला तेव्हा निंबाखाली बाया जमल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता तो सरळ घरात आला. थर्माकोलचा डबा ओट्यावर ठेवला. माय अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, उलटत होती.

"माय, तू मले कोनी नाळ दिधी?"

"तुनी," माय म्हणाली. हात थांबला नाही तिचा.

मी पाणी घेऊन येत होते ती तिथंच उभी राहिले. मग माझा तोल गेला. "माय! त्यानं वरीस वाया गयं! लोके हासनात त्याले! सांगाले काय जायेल व्हतं तुनं?"

"तो मांगे, मी कशी नही म्हनू?" मायनं आता यादवकडे बघितलं. "तू तं शे ना रे भाऊ. तुले हाक मारी तं तू ओ देस. त्याले हाक मारी तं कोन ओ देई? त्यानं मनाजोडे इतलंच शे."

मला वाटलं, आता यादव चिडेल. चिडायलाच हवं होतं. तो खाली बसला, बाजेच्या पायाला टेकून, लहान असताना बसायचा तसा. मग म्हणाला, "मनी नाळ बठ्ठीच दिधी का माय? थोडीबी ठेवी नही?"

मायचे हात थांबले.

"मीबी आठे कोठे शे?" यादव म्हणाला. "वरीसमा एक दिन येस. त्यामाबी सुया लिसन येस."

मायचं तोंड बघवत नव्हतं. इतकी वर्षं एका पोरासाठी झुरताना दुसरंही हातातून गेलंय, हे तिच्या त्या क्षणी ध्यानात आलं असावं. ती उठली, घरात गेली, डबी घेऊन आली. उरलेली चिंधी सोडली आणि यादवच्या तळहातावर पितांबर ठेवला. हो, पितांबरच. काळपट, सुपारीच्या खांडाएवढा. मीही तो पहिल्यांदाच बघत होते.

"ले," माय म्हणाली. "आते हाई ली जाय."

डबा शेजारीच होता, बर्फही होता. मी यादवकडे बघत होते आणि मला काय हवंय ते मलाच कळत नव्हतं. ने म्हणावं वाटत होतं. नको म्हणावं वाटत होतं. त्यानं दुसऱ्या हाताचं बोट त्या तुकड्यावरून फिरवलं. मग मायचा हात ओढला, त्यात तो ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

"ऱ्हाऊ दे माय."

"मंग तुनं काम?"

"ऱ्हाऊ दे."

"तं मंग तू ये," माय म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "बिनकामना ये. मले तुनी नाळ नको, काय नको. तू ये."

यादवनं पुढं इतरांच्या रक्तावर बरंच काम केलं, त्यात नावही झालं. पितांबर का गेला आणि मी का राहिले, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. त्याचा सल माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जाईल असं वाटतही नाही.

त्या आखाजीला मात्र त्यानं कुणाला सुई टोचली नाही. बर्फ पोरांनी खाल्ला. यशोदाबाई बाही वर करून आली, तिला त्यानं रिकामीच परत पाठवली. तो बुद्धपौर्णिमेपर्यंत राहिला. निंबाखाली बाज टाकून पडायचा, आणि माय घरातून उगाच हाक मारायची, "यादव!" काम काहीच नसायचं. तो "ओ" द्यायचा. थोड्या वेळानं ती पुन्हा हाक मारायची.